गाण्यातला ठेका गेला, पाच तारे राहिले

प्रति,
मोठ्या संगीत कार्यक्रमांना परवाने देणारे आणि ‘अमुक गाणी म्हणू नका’ अशा सूचना गायकांना पाठवणारे महाराष्ट्र शासनाचे सर्व संबंधित अधिकारी

विषय : पंजाबी गाण्यांतले शब्द तपासण्याबाबत, आणि जे तपासलं जात नाही त्याबाबत

महोदय,

पुन्हा हिवाळा येतोय. म्हणजे मैदानांवर मोठाले मंच उभे राहायचा हंगाम, आणि पाठोपाठ तुमच्या टेबलावर तक्रारअर्ज पडायचा हंगाम. अर्ज पडायच्या आधीच हे पत्र लिहितो आहे. जाहीर लिहितो आहे, कारण खासगीत लिहिलेल्या पत्राला आवक क्रमांक मिळतो, उत्तर मिळत नाही.

आधी थोडी उजळणी. १५ नोव्हेंबर २०२४ला हैदराबादेत पंजाबी गायक दिलजीत दोसांझचा कार्यक्रम होता. त्याआधी तेलंगणा सरकारच्या महिला व बालकल्याण खात्यानं त्याला नोटीस धाडली : दारू, अमली पदार्थ आणि हिंसा यांना उत्तेजन देणारी गाणी म्हणायची नाहीत, लहान मुलांना मंचावर घ्यायचं नाही. गड्यानं नोटीस पाळली. एका गाण्यात दारूच्या जागी कोक घातला. दुसऱ्या गाण्यात पंचतारांकित ‘ठेका’ होता, म्हणजे तिकडचं सरकारमान्य दारूचं दुकान. त्याचं त्यानं पंचतारांकित हॉटेल केलं. लोक हसले, नाचले, घरी गेले. सरकार जिंकलं. ठेका गेला, पाच तारे तेवढे राहिले.

दोन दिवसांनी अहमदाबादेत तो म्हणाला की सगळी राज्यं दारूबंदी करणार असतील तर मी आयुष्यात पुन्हा दारूवर गाणार नाही. २४ तारखेला पुण्यात कोथरूडला कार्यक्रम होता. विरोध झाला, खुद्द तिथले आमदार चंद्रकांत पाटील विरोधात उतरले, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागानं मद्यविक्रीची दिलेली परवानगी ऐनवेळी काढून घेतली. डिसेंबरात चंदीगडच्या बालहक्क आयोगानं तर गाण्यांची नावंच लिहून दिली. आणि १९ डिसेंबरला मुंबईत त्यानं मंचावरून सांगितलं की सकाळी उठून बघतो तर माझ्या नावानं सूचना निघालेली. ती सूचना तुमच्याकडची. समुद्रमंथनातल्या हलाहलाची गोष्ट सांगून तो गायला लागला.

या सगळ्यात कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण हा आता पायंडा पडतोय. कुणीतरी अर्ज करायचा, तुम्ही सूचना काढायची, गायकानं दोन शब्द बदलायचे, आणि सगळ्यांनी आपापलं कर्तव्य पार पडलं असं मानायचं. हे मला गप्प बसून पाहवत नाही.

तुम्ही म्हणाल, तुमचा काय संबंध? सांगतो. मी नांदेडचा. गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला वडिलांनी कॅसेटचं दुकान टाकलं, ते मी चालवलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि ब्लूटूथ स्पीकर विकतो, पण पाटीवर अजून ‘कॅसेट सेंटर’ आहे. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस आली की यात्रेकरू दर्शन करून, लंगर घेऊन आमच्याकडं यायचे. ट्रकवाले यायचे. त्यांच्याशी बोलून बोलून मी पंजाबी शिकलो. लुधियान्याचा एक सरदारजी होता, तो पैसे द्यायच्या आधी कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं वाजवून दाखवायला लावायचा. नकली मालाची रीळ शेवटाकडं येऊन लटपटते, असं त्याचं म्हणणं. गाणं वाजेपर्यंत गल्ल्यावर कोपर टेकून तो मला ओळीचा अर्थ सांगायचा. एक किल्ला म्हणजे एक एकर, हे मला त्यानं सांगितलेलं. गाण्यातला नायक पोरीला आपलं नाव सांगायच्या आधी आपले किल्ले सांगत होता.

फळीवर कॅसेटची कव्हरं ओळीनं लावलेली असायची. जुन्या कव्हरांवर गायकाच्या हातात तुंबी, म्हणजे तिकडचं एकतारी वाद्य, आणि मागं गव्हाचं शेत. मग बुलेट आली. मग गाडी आली आणि गायक बॉनेटला टेकून उभा राहायला लागला. गाडीचं मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं, गायकाची उभं राहायची ढब तीच. खालच्या फळीवर कीर्तनाच्या कॅसेट. एकच म्हातारी खालच्या फळीवरची कॅसेट स्वतःसाठी आणि वरच्या फळीवरची नातवासाठी घ्यायची, एकाच पिशवीत टाकायची, आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

सांगायचं एवढंच की पंजाबी गाण्यातली श्रीमंती मी फळीवर बघत आलो आहे. तुम्हाला ती २०२४च्या हिवाळ्यात एका अर्जातून कळली, तीही अर्धी. तुमच्या कागदात दारू आहे, अमली पदार्थ आहेत. गाडी नाही, घड्याळ नाही, जमीन नाही. आता कृपा करून गाडीवरही सूचना काढू नका. माझं म्हणणं ते नाही. माझं म्हणणं असं की ही गाणी मुळात पैशाबद्दल आहेत, दारू त्यात तोंडी लावण्यापुरती आहे, आणि गाण्यातला असो की गाण्याभोवतीचा, पैशाकडं तुमच्यापैकी कुणी बघितलेलंच नाही.

ज्याला सूचना गेली तो माणूस आला कुठून, तेही बघा. जालंधर जिल्ह्यातलं दोसांझ कलां हे त्याचं गाव. वडील पंजाब रोडवेजमध्ये नोकरीला. अकराव्या वर्षी पोराला लुधियान्याला मामाकडं धाडलं. सुरुवात गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनानं. पहिला अल्बम २००४च्या सुमारास. आमच्याकडं आला तेव्हा कुणी विचारत नव्हतं, हे मी दुकानदार म्हणून सांगतो. तेव्हा गिऱ्हाईक गुरदास मान आणि हंसराज हंस मागायचं. मग पंजाबी सिनेमे चालले. २०१६ साली ‘उडता पंजाब’मध्ये त्यानं पोलीस रंगवला, अमली पदार्थांनी पोखरलेल्या पंजाबवरच्या सिनेमात. त्याच माणसाला आठ वर्षांनी अमली पदार्थांवरून नोटीस. एप्रिल २०२३ला तो अमेरिकेत कोचेला संगीत महोत्सवाच्या मंचावर पगडी बांधून पंजाबीत गायला. तिथं गाणारा तो पहिला पंजाबी गायक. वर्षभरानं कॅनडात व्हँकुव्हरच्या बीसी प्लेस स्टेडियममध्ये ५० हजारांवर माणसं. मे २०२५ला न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याला गेला तो पतियाळाच्या महाराजांच्या थाटात, अंगरख्यावर पंजाबचा नकाशा आणि गुरुमुखी अक्षरं. एसटीच्या कर्मचाऱ्याचा पोरगा महाराजाच्या वेशात तिथं उभा राहतो, तेव्हा गाण्यातल्या किल्ल्यांचा आणि गाड्यांचा अर्थ जरा वेगळा लागतो.

पंजाबात हरितक्रांतीनं पैसा आला आणि एका पिढीनंतर जमिनीचे तुकडे झाले. बापाचे वीस एकर, चार भाऊ, प्रत्येकाला पाच. पाण्याची पातळी खाली, कर्ज वर. पोरं कॅनडाला, इंग्लंडला, इटलीला गेली. तिथं ट्रक चालवले, टॅक्सी चालवली, गोदामात पेट्या उचलल्या. परतताना गाडीतून गावात शिरणं हेच त्यांचं प्रगतिपुस्तक. गाणं त्या गाडीवर बसून आलं. मला त्यातली फुशारकी कळते. मराठवाड्यातल्या माणसाला कळायलाच पाहिजे. आमच्याकडंही सोयाबीनला भाव नसला तरी वरातीला गाडी नवीच लागते.

मात्र या फुशारकीला किंमत आहे आणि ती गाणारा मोजत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, बेड्या घालून. त्यात ३० पंजाबचे होते. आणि ३ आपल्या महाराष्ट्राचे. जमीन विकून, सोनं गहाण टाकून, एजंटाच्या हाती लाखो रुपये देऊन निघालेली ही माणसं. त्यांनी गाणं ऐकून घर सोडलं असं मी म्हणणार नाही, तेवढं सोपं काही नसतं. पण गाण्यात परदेशातला पैसा नुसता दिसतो, त्याला एजंट नसतो, बेडी नसते. गायकांना माझा सवाल आहे तो इथं. तुमच्या सूचनेत याची एक ओळ नाही, कारण अर्जात नव्हती.

आता माझ्या तक्रारी.

एक तर तुम्ही गाणं ऐकत नाही, गाण्यात शब्द शोधता. पेग सापडला की लाल शेरा. मग हाच शोध सगळीकडं चालवा ना. हिंदी सिनेमात दारूवरची गाणी किती? मराठीत किती? आमच्या गावच्या मिरवणुकीत डीजेवर काय वाजतं ते ऐकायला रात्री या कधीतरी. पोलीस बंदोबस्ताला उभेच असतात, त्यांनाही पाठ झालंय. ज्याच्या कार्यक्रमाला बातमी आहे त्यालाच नियम, बाकीच्यांना मोकळं रान, असं चालू आहे. दिलजीतनं हेच विचारलं होतं आणि त्याला उत्तर मिळालं नाही.

दुसरी तक्रार तिजोरीची. जून २०२५ला आपल्या मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सरकारनंच सांगितला. सोबत ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा एक नवा प्रकारही मंजूर केला. राज्य चालवायला पैसा लागतो, मला मान्य आहे. पण एका हातानं दुकानाचा परवाना आणि दुसऱ्या हातानं गाण्याला नोटीस, हे बघून पोरं हसतात. माझ्या दुकानात येणारी पोरं अडाणी नाहीत. गाण्यातली दारू वाईट आणि बाटलीतली महसुली, हे त्यांना कळतं. चंद्रपुरात २०१५ला बंदी आणली, २०२१ला उठवली. ते गाणं ऐकून झालं नव्हतं, हिशेब करूनच झालं होतं. कोथरूडच्या बाबतीतही तेच विचारतो. परवानगी चुकीची होती तर आधी दिली का? बरोबर होती तर ऐनवेळी काढली का? मंचाचे वासे उभे राहिल्यावर निर्णय फिरवला की त्यात तत्त्व दिसत नाही, आरडाओरडा करणाऱ्याचा आवाज दिसतो.

तिसरी तक्रार मात्र लांबलचक आहे, कारण तिथं खरा माल आहे. तिकीट.

दिलजीतच्या आणि कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या तिकिटांच्या काळ्या बाजारावरून ऑक्टोबर २०२४ला ईडीनं पाच राज्यांत छापे टाकले, हे तुम्हाला माहीत आहे. विक्री सुरू होते, काही मिनिटांत ‘संपली’ असं येतं, आणि तासाभरात तेच तिकीट दुसरीकडं काही पटींनी दिसतं. जानेवारी २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं या काळ्या बाजारावरची जनहित याचिका फेटाळली आणि नियम करणं हे कायदेमंडळाचं आणि सरकारचं काम आहे असं म्हटलं. म्हणजे चेंडू तुमच्याच अंगणात आहे. तो तिथं पडून आहे आणि तुम्ही पेग शोधताय.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. ती आणि तिच्या मैत्रिणी अशा एका मोठ्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. कुणाचा, कुठला, ते सांगत नाही. तिकिटाला तिचा अर्ध्या महिन्याचा पगार गेला. फाटकावर पाण्याची बाटली काढून घेतली. आत पाणी विकत, तेही आधी पैसे भरून मनगटावर पट्टा बांधून घ्यायचा, मग रांगेत उभं राहायचं. उरलेले पैसे परत मागायचे तर वेगळी रांग. बायकांच्या स्वच्छतागृहासाठी एवढी गर्दी की एका मैत्रिणीनं पुढचं सगळं गाणं बाहेर उभ्या उभ्या ऐकलं. त्यांच्या पुढं कुंपण, कुंपणापुढं महागडं तिकीट, त्यापुढं आणखी महागडं, आणि सगळ्यात पुढं पासवाले, जे मोबाइल वर करून उभे होते आणि एकही ओळ म्हणत नव्हते. ज्यांना प्रत्येक ओळ पाठ ती पोरं सगळ्यात मागं. गाण्यात श्रीमंतीचं कौतुक आहे म्हणून तुम्हाला काळजी वाटत असेल तर एकदा त्या कुंपणांचा नकाशा मागवा. तो आयोजकानं तुमच्याकडंच मंजुरीला दिलेला असतो.

दिल्लीत २६ ऑक्टोबर २०२४पासूनच्या कार्यक्रमांनंतर जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये बाटल्यांचा आणि कचऱ्याचा खच पडला, सरावाला आलेल्या धावपटूनं व्हिडिओ टाकून विचारलं की आम्ही पळायचं कुठं. ते मैदान कुणाचं? सरकारचं. चंदीगडच्या कार्यक्रमात तर दिलजीत स्वतः म्हणाला की भारतात अशा कार्यक्रमांसाठी सोयी नाहीत, त्या सुधारेपर्यंत मी इथं कार्यक्रम करणार नाही. गायकाला कळलं, आयोजकाला कळतं पण वळत नाही, आणि तुमच्या सूचनेत याचा उल्लेख नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. लहान मुलांना मंचावर घेऊ नका आणि मोठ्या आवाजापासून जपा, हे तेलंगणाच्या नोटिशीत होतं आणि ते अगदी रास्त होतं. मुलांच्या कानाला १२० डेसिबलच्या वर आवाज नको, असा आकडासुद्धा दिला होता. एवढ्यावर सही करायला मी पहिला येईन. फक्त तो आकडा घेऊन वरातीत, दहीहंडीत आणि मिरवणुकीतही या.

आता हत्यारांबद्दल, आणि इथं मी गायकांच्या बाजूनं बोलणार नाही.

पेग आणि पिस्तूल तुम्ही एकाच ओळीत लिहिता. तो घोटाळा आहे. पेगवरच्या गाण्यानं लग्नात चार काका नाचतात. पिस्तुलाच्या गाण्यांचं तसं नाही. शुभदीपसिंग सिद्धू, म्हणजे सिद्धू मूसेवाला, मानसा जिल्ह्यातल्या मूसा गावचा, इंजिनिअरिंग शिकलेला, कॅनडाला जाऊन गायक झालेला. त्याची गाणी माझ्या दुकानात जेवढी वाजली तेवढी कुणाची वाजली नसतील. शब्दांवर हुकमत होती. आवाजात गावची माती होती. लंडन-टोरांटोचं नाव घेतानाही तो आपल्या ५९११ मॉडेलच्या ट्रॅक्टरवरून उतरला नाही. पण गाण्यागाण्यांत बंदूक होती, आणि मे २०२०मध्ये एके-४७ चालवतानाचा व्हिडिओ आला तेव्हा गुन्हाही दाखल झाला. २९ मे २०२२ला, सरकारनं सुरक्षा कमी केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जवाहरके गावात त्याला टोळीवाल्यांनी गोळ्या घातल्या. वय २८. अंत्ययात्रा त्याच्या त्याच ट्रॅक्टरवरून निघाली. महिन्याभरात पुणे ग्रामीण पोलिसांनी मंचर भागातल्या दोन तरुणांना पकडलं आणि त्यांची याच प्रकरणात चौकशी झाली. मानसा कुठं, मंचर कुठं. गाणं पोचलं होतंच, टोळीही पोचली होती.

पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं जुलै २०१९मध्येच पोलीसप्रमुखांना आदेश दिला होता की दारू, अमली पदार्थ आणि हिंसेचा उदोउदो करणारी गाणी जाहीर कार्यक्रमांत वाजू देऊ नका. नोव्हेंबर २०२२मध्ये पंजाब सरकारनं हत्यारांच्या जाहीर प्रदर्शनावर आणि गाण्यांतल्या गौरवावर बंदी घातली. तरी सप्टेंबर २०२४ला कॅनडात ए. पी. ढिल्लों या पंजाबी गायकाच्या घराबाहेर गोळ्या झाडल्याच. गायकांना खंडणीचे फोन येतात, कारण गाण्यातला पैसा खरा आहे असं टोळ्यांनाही वाटतं. त्याच्यावरचा उपाय पोलीस तपासात आहे, सूचनापत्रात नाही. बंदूक मिरवणाऱ्या गाण्यांवर बोला, जरूर बोला, पण पेगच्या शेजारी बसवून नको. नाहीतर पोरं दोन्हींना सारखंच हसतील, आणि तसं ती हसताहेत.

आणखी एक, जे कुठल्याच अर्जात येत नाही. या गाण्यांतली जमीन, गाडी, रुबाब बहुतेक वेळा एकाच जातीच्या नावानं मिरवला जातो. जट्ट, म्हणजे तिकडची जमीनवाली शेतकरी जात. पंजाबात २०११च्या जनगणनेनुसार जवळपास ३२ टक्के लोक अनुसूचित जातींचे, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त प्रमाण, आणि जमीन त्यांच्याकडं नावापुरती. त्यांच्या पोरांनी किल्ल्यांचं गाणं कुठल्या तोंडानं म्हणायचं? याला उत्तर सरकारनं नाही दिलं, जालंधरच्या एका पोरीनं दिलं. गिन्नी माही. शाळा-कॉलेजच्या वयात तिनं बाबासाहेबांवर गायला सुरुवात केली, आणि शिवी म्हणून कानावर पडणारं जातीचं नाव २०१६च्या सुमारास मंचावरून ताठ मानेनं गायली. गाडी नाही, घड्याळ नाही. तिच्या गाण्यातली मालमत्ता म्हणजे संविधान. महाराष्ट्रात तिचं नाव किती जणांना माहीत आहे? आणि हे तर बाबासाहेबांचं राज्य.

गुरू नानकांची साखी, म्हणजे गोष्ट, नांदेडात शेंबडं पोरही सांगेल. मलिक भागोच्या मेजवानीला न जाता ते भाई लालो या सुताराच्या घरी जेवले. एकाच्या भाकरीतून रक्त निघालं, दुसऱ्याच्या भाकरीतून दूध. आमचे नामदेव पंजाबात जाऊन राहिले, त्यांची पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि तिकडच्या घुमानला २०१५ साली आपण साहित्य संमेलनही भरवून आलो. पैशाचा माज कसा उतरवायचा हे त्या भाषेला सरकारी कागदावरून शिकायची गरज नाही. तिथं गाण्याला गाण्यानंच उत्तर द्यायची रीत आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत, साध्या आणि तुमच्या अधिकारातल्या.

कुठल्याही गायकाला सूचना पाठवायची असेल तर कोणतं गाणं, कोणती ओळ, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, हे तिच्यात लिहा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नको, निदान पंधरा दिवस आधी द्या, त्याला उत्तर द्यायची संधी द्या, आणि सूचना व उत्तर दोन्ही संकेतस्थळावर टाका. कलम सापडत नसेल तर सूचना काढू नका. आणि जे कलम पंजाबी गायकाला लावाल ते मराठी-हिंदी गायकाला आणि गल्लीतल्या डीजेलाही लावा.

मद्याच्या एक दिवसाच्या परवान्याचा निर्णय कार्यक्रमाची तिकिटं विक्रीला लागायच्या आधी होऊ द्या. दिला तर दिला, नाकारला तर नाकारला, रस्त्यावरच्या घोषणा ऐकून बदलू नका. दिलात तर आपल्या कायद्यातली वयाची अट, बिअरला २१ आणि इतर मद्याला २५, ती फाटकावर कोण तपासणार त्याचं नाव परवान्यावर असू द्या.

तिकिटांचा जाहीर हिशेब मागा. एकूण जागा किती, प्रत्येक दराच्या किती, जनतेला विकल्या किती, प्रायोजकांना आणि पाससाठी बाजूला काढल्या किती. हे आकडे दिल्याशिवाय मैदान देऊ नका. पुनर्विक्रीवर कायदा करायचा की नाही हे येत्या अधिवेशनात सांगा. न्यायालयानं तुमच्याकडं बोट दाखवून बराच काळ लोटला.

पिण्याचं पाणी फुकट, सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या भागातसुद्धा. बायकांसाठी स्वच्छतागृहं गर्दीच्या हिशेबानं. सरकारी मैदान असेल तर अनामत रक्कम, आणि मैदान पूर्ववत झाल्याचं तिथं सराव करणाऱ्या खेळाडूंनी लिहून दिल्यावरच ती परत.

हत्यारांचा प्रश्न महिला-बालकल्याण खात्याच्या सूचनेतून काढून गृहखात्याकडं द्या. खंडणी, धमक्या आणि टोळ्यांत ओढली जाणारी पोरं हा तपासाचा विषय आहे.

आणि सांस्कृतिक कार्य विभागाला स्वतंत्र मागणी : नांदेडला १४ एप्रिलच्या सुमारास सरकारी खर्चानं पंजाबी गाण्यांचा एक कार्यक्रम करा, ज्यात गिन्नी माहीसारखे गायक असतील, कीर्तनही असेल, आणि पुढची रांग पासवाल्यांना नसेल. साऊंडची व्यवस्था लागली तर गावात माणसं आहेत.

या पत्राची प्रत आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज सोबत स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. त्यात तीनच गोष्टी विचारल्या आहेत : आजवर काढलेल्या सर्व सूचनांच्या प्रती, त्या प्रत्येकीमागचं कलम, आणि मोठ्या कार्यक्रमांच्या मंजूर नकाशांतली पासधारकांची जागा. कायद्यानं तीस दिवस आहेत. उत्तर मराठीत द्यावं. दुकानात येणाऱ्या पोरांना वाचून दाखवायचं आहे.

आपला,
नांदेडचा एक कॅसेटवाला